हिरवं लागेपर्यंत

चेन्नईत ऑक्टोबर उजाडला की आमच्या घरातला सिकेटर कुलपात जातो. सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री. मिरज-तासगावकडचे द्राक्षवाले तिला याच नावाने ओळखतात, आणि माझे बाबाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. ती कुठे ठेवलेली असते हे बाबांना पक्कं ठाऊक आहे, पण ते मागत नाहीत. दसरा झाला की सकाळचा चहा घेऊन दारापुढच्या गुलाबांसमोर उभे राहतात, फांद्या न्याहाळतात, उजव्या हाताची बोटं आपोआप उघडझाप करू लागतात. मग ते पूर्वेकडे बघतात. आम्ही राहतो त्या आवडी नावाच्या उपनगरातून समुद्र दिसत नाही, पण इथले ढग तिकडूनच येतात. 'यायला लागलेत,' असं काहीसं पुटपुटून ते आत वळतात. लॅपटॉप उघडता उघडता मी हे सगळं बघत असते आणि मला फार बरं वाटतं.

कालपासून पाऊस लागला आहे. शाळांना सुट्टी जाहीर झाली, शेजारच्या घरात पोरांचा गोंधळ सुरू झाला, आणि मी ऑफिसला कळवून टाकलं की आज घरूनच काम करते. गल्लीत ब्लीचिंग पावडरचा वास भरून राहिलाय. दोरीवरचे कपडे घरात आलेत, पंख्याखाली वाळत पडलेत, आणि वाळण्याचं नाव घेत नाहीत. स्टेशनवरची घोषणा एरवी ऐकू येत नाही, ती अशा हवेत अगदी खिडकीशी येऊन बोलते. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया विकणारा इडिअप्पमवाला प्लास्टिकचा कागद पांघरून सायकल हाकत गेला. बाबा बैठकीत खुर्चीवर बसून पेपर वाचताहेत. दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर आहेत. दोन्ही, हे मी दिवसातून केव्हातरी मनात म्हणतेच.

पाऊस हा आमच्याकडे जूनमध्ये येणारा पाहुणा. त्याच्या येण्याचं कौतुक, त्याच्या जाण्याचा सण. चेन्नईत तो अशा वेळी येतो की आमच्या हाडांना पटतच नाही. आकाशकंदील लावायचे दिवस, आणि दारात गुडघाभर पाणी. लग्न होऊन इथे आले त्या पहिल्या दिवाळीत मी रांगोळीवर छत्री धरून उभी होते, आणि नवरा, जो माझ्याआधी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात येऊन रुळला होता, हसून हसून बेजार झाला होता. आता मलाही सवय झाली. पण सवय डोक्याला होते. हाताला व्हायला वेळ लागतो, आणि बाबांच्या बाबतीत तो वेळ आम्हाला फार महागात पडता पडता राहिला.

बाबा भूगोलाचे मास्तर. मिरजेच्या शाळेत त्यांनी उभी हयात आठवीच्या वर्गाला शिकवलं की मोसमी वारे परत फिरतात, बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरात पाऊस पाडतात. फळ्यावर ते बाण इतके झोकात काढायचे की पोरं तेवढ्यासाठी जागी राहायची. मी त्यांच्याच वर्गात होते. हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा आणि हमखास पूर्ण मार्क मिळवून द्यायचा. त्याच माणसाने आवडीला येऊन भर ऑक्टोबरात गुलाबांची छाटणी केली. का, तर दसरा झाला म्हणून.

आई गेल्यावर दोन वर्षं ते मिरजेत एकटे राहिले आणि मग आमच्याकडे आले. येताना सामान थोडं आणलं आणि गुलाब भरपूर. रेल्वेच्या डब्यात बर्थखाली ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कलमं होती, आणि रात्रभर शेजारचा प्रवासी त्यांच्याकडे संशयाने बघत होता म्हणे. भाड्याच्या घरापुढे आमचं अंगण म्हणजे अंथरलेली सतरंजीच. त्यात त्यांनी काही झाडं जमिनीत लावली, काही कुंड्यांत, आणि महिन्याभरात दारातून सरळ चालत येणं बंद झालं. अंग चोरून यावं लागायचं.

त्यांचा लाडका ग्लॅडिएटर. गडद गुलाबी-लाल, तळहाताएवढं फूल, लांब ताठ दांडा, आणि काटे असे की कुंपणाला दुसरं काही नको. वास बेताचाच, पण बाबा म्हणायचे, सरदाराला अत्तर कशाला. डबल डिलाइट मात्र नखऱ्याचं. साईच्या रंगाच्या पाकळ्या, उन्हाने कडा लालभडक होत जाणार, आणि वास असा की जाणारा थांबायचा. आईला ते आवडायचं. ते आमच्या मिरजेच्या गच्चीवर मजेत होतं. चेन्नईच्या मे महिन्याने त्याच्या पाकळ्या भाजून काढल्या, आणि बाबांनी त्यावर जुन्या साडीची सावली बांधली. आईची साडी होती ती. मी ओळखली. आइसबर्ग पांढरा, झुपक्याने फुलणारा, फारसा काटा नाही, फारशी तक्रार नाही. त्याच्याकडे कुणी मुद्दाम बघत नसे. जे झाड आपलं आपण नीट वागतं त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ असतो?

भिंतीपलीकडे यमुनाक्का. त्या तंजावरच्या मराठी, बालपण तिकडे, लग्नानंतर चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या गल्लीत, आणि बँकेतून निवृत्त झाल्यावर आवडीला. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं की कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय. बाबांची आणि त्यांची गट्टी जमली ती गुलाबावरून, आणि भांडणही त्यावरूनच. त्यांच्या अंगणात एकच झाड, पन्नीर रोजा, म्हणजे गुलाबपाण्याचा गुलाब. फिकट गुलाबी, पाकळ्यांचा पसारा, सकाळी उमललं की दुपारी सांडलं. पण वास! सगळी गल्ली त्या वासाने देवघर होऊन जायची. बाबा त्याला गावठी म्हणायचे. यमुनाक्का म्हणायच्या, तुमचा तो सरदार देवास चालत नाही, त्यास वास नाही. या वादाला दोघांनीही कधी शेवट येऊ दिला नाही.

तर त्या ऑक्टोबरात, दोन वर्षांपूर्वी, बाबांनी सिकेटरला तेल दिलं आणि कामाला लागले. मिरजेत हे अगदी बरोबर होतं. पाऊस ओसरलेला, ऑक्टोबरचं कडक ऊन, छाटलेल्या टोकांना ते ऊन लागून ती चटकन सुकतात, मुळं थोडी उघडी करून त्यांनाही ऊन दाखवायचं, आणि डिसेंबरात फुलांचा मेळा. यमुनाक्का भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "आत्ताच?" बाबा म्हणाले, दसरा झाला की. त्या आपल्या झाडाकडे वळल्या. पाहुण्या माणसाच्या हातातली कात्री कशी काढून घ्यायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असावा. संध्याकाळपर्यंत अंगण उघडंबोडकं झालं आणि छाटलेल्या फांद्यांचा ढीग पायरीशी पडून राहिला. उद्या उचलू, असं ठरलं.

त्या रात्री पाऊस आला आणि सकाळी अंगणात घोट्याच्या वर पाणी होतं. ढीग त्यात पसरला होता. बाबा रबरी चपला घालून त्यात उतरले, कारण मुळं उघडी होती आणि कुंड्या बुडत होत्या. मी आतून ओरडत होते, ते बाहेरून उत्तर देत होते, आणि तेवढ्यात त्यांनी एक एक कुंडी उचलून पायऱ्यांवर आणून ठेवलीसुद्धा. चेहरा काय खुलला होता! आई गेल्यापासून मी त्यांना एवढं गुंग झालेलं पाहिलं नव्हतं. म्हणून मी रागावणं सोडलं, टॉवेल दिला आणि चहा टाकला.

बाबांना साखरेचा जुना विकार. तळपायांची जाणीव हळूहळू कमी झालेली, हे त्यांना माहीत होतं, पण माहीत असलेल्या गोष्टींचं ते काय करायचे ते वर सांगितलंच आहे. पुढच्या आठवड्यात ते म्हणू लागले की डावी चप्पल पाण्याने आखडली. रबराची चप्पल आखडत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. ऑफिसच्या घाईत नाही आलं. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या फरशीवर मला गुलाबाची पाकळी पडलेली दिसली. उचलायला वाकले. ती पाकळी नव्हती. बाबांच्या ओल्या पावलाचा ठसा होता, आणि त्याच्या कडेला तो रंग.

करंगळीच्या खाली, मांसात, ग्लॅडिएटरचा काटा मोडून बसला होता. रबर फोडून आत गेला होता. इतके दिवस त्यावर चालूनही बाबांना काही कळलं नव्हतं. पाऊल सुजून गरम झालेलं, लाली घोट्याकडे सरकलेली. इस्पितळात त्यांना त्याच दिवशी ठेवून घेतलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नेमकं बोलणाऱ्या. मला बाजूला घेऊन त्यांनी इंग्रजीत सांगितलं की काटा काढलाय, पण विष वर चढतंय. औषधाने थांबलं तर ठीक. नाही थांबलं तर बोटं, आणि तिथेही नाही थांबलं तर पाऊल. बाहेर पाऊस असा कोसळत होता की त्यांचा आवाज मधूनमधून बुडत होता, आणि मला ते बरंच वाटत होतं.

बाबांनी सगळं माझ्या तोंडावरून वाचलं. मास्तरांना ते येतंच. ते म्हणाले, "पाय गेला तर मला मिरजेला नेऊन सोड. तुझ्या घरात खाटेवर पडून राहायला मी आलेलो नाही." मी म्हटलं, पाय जाणार नाही. एवढं ठामपणे मी आयुष्यात काही बोलले नसेन, आणि एवढं आधाराविना तर नाहीच.

मग रोज सकाळी जखम धुणं. त्या खोलीला मोरीसारखी लाद्यांची भिंत होती आणि खिडकीबाहेर एक बदामाचं झाड पाण्याने निथळत असायचं. डॉक्टरीणबाई चिमट्याने आणि कात्रीने काळं पडलेलं मांस थोडं थोडं काढायच्या आणि विचारायच्या, "वलिक्कुदा?" म्हणजे दुखतंय का. बाबांना 'इल्लै' एवढं तमिळ येत होतं. ते अभिमानाने म्हणायचे, इल्लै. पहिल्या दिवशी मलाही त्यांचं कौतुक वाटलं. मग बघितलं की प्रत्येक 'नाही'ला डॉक्टरीणबाईंचे ओठ मिटतात. मेलेलं मांस दुखत नाही, त्यांनी मला नंतर समजावलं. जिवंत लागेल तिथे दुखेल, रक्त येईल, आणि तिथे मी थांबेन. तोवर कापत जायचं. बाबांना इंग्रजी समजत होतं. ते आडवे पडल्या पडल्या शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. हिरवं लागेपर्यंत कापायचं." मला ते भाषांतर करून सांगावं लागलं, आणि डॉक्टरीणबाई हातात कात्री धरून खूप हसल्या.

घरीही तेच चाललं होतं. भर पावसात कापलेल्या टोकांतून पाणी आत शिरलं होतं आणि फांद्या वरून काळ्या पडत खाली येत होत्या. बाबा इस्पितळातून फोनवर सांगत, मी सिकेटर घेऊन अंगणात उभी, आणि यमुनाक्का माझ्या डोक्यावर छत्री धरून. मी आयुष्यात तुळशीला पाणी घालण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. बाबांचं म्हणणं, काळ्याच्या खाली काप, आतला गर बघ. तपकिरी असेल तर अजून खाली. पांढरा-हिरवा दिसला की थांब, आणि टोकाला मोरचुदाची पेस्ट लाव. हात आखडू नकोस. मी कापत गेले. डबल डिलाइट पार बुंध्यापर्यंत तपकिरीच निघालं. ते मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून इस्पितळातल्या ट्रॉलीची चाकं ऐकू आली. मग बाबा म्हणाले, पुढचं घे.

त्या दिवशी मी रडले. गुलाबासाठी नाही, पण निमित्त गुलाबाचं. यमुनाक्कांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. 'मी सांगितलं होतं' हे शब्द त्यांनी तेव्हाही काढले नाहीत, आणि आजवर काढलेले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "झाड गेलं तर होसूरची रोपांची गाडी येते की दारावर. पायाची गाडी येत नाही. तू तिकडे जा, हे आमी बघतो." त्या संध्याकाळी त्यांनी बाबांसाठी डबा दिला. उघडला तर डांगर. उडदाच्या पिठाचं, दह्यात कालवलेलं. त्या त्याला पचडी म्हणतात. इस्पितळाच्या खाटेवर बसून बाबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, हे तर आपलंच आहे. केव्हाच्या काळी निघालेली माणसं, कुठल्या कुठे येऊन राहिली, आणि डांगर तेवढं सोबत आणलं. चार दिवसांत त्यांनी पोटभर खाल्लं ते तेवढंच.

काळजीचे दिवस आठवताना माणूस मोठमोठ्या गोष्टी आठवायला बघतो, पण मला आठवतो तो ओल्या छत्र्यांचा वास, लिफ्टमधल्या सगळ्यांच्या चपलांचा पचपच आवाज, आणि येता-जाता लोकलच्या खिडकीतून दिसणारी पाण्यात उभी घरं. मी प्रत्येक स्टेशनवर उतरणाऱ्यांचे पाय बघायचे. किती पाय असतात जगात, आणि किती सहज चालतात. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मीही तेच बघतोय.

आज अंगणात कोण कोण आहे ते सांगते, कारण बाबांना विचारलं तर ते तासभर सांगतील. ग्लॅडिएटर एकाच फांदीवर वाचला. यमुनाक्कांनी तो वाचवला, आणि मी त्याला उपटून टाका म्हणत होते. बाबा म्हणाले, काट्याचा काय दोष, त्याला मी रस्त्यात टाकला. आइसबर्ग तेव्हाही काही न बोलता जगला आणि आता त्याच्याकडे सगळे बघतात. होसूरच्या गाडीवरून आंध्र रेड आला, लहान गर्द फुलांचा. चेन्नईच्या उन्हाला न जुमानणारा. मूकुत्ती आली, म्हणजे नाकातली चमकी, तेवढीच तिची फुलं. आणि भिंतीच्या अलीकडे, बाबांनी स्वतः मागून आणलेल्या फांदीचा पन्नीर रोजा. त्याचं कलम नाही, फांदी खोचली की झालं, स्वतःच्या मुळावर उभा राहतो. पुरात सगळ्यांचे जीव टांगणीला लागले तेव्हा यमुनाक्कांकडचा मात्र निवांत पानं काढत होता. कुणी घरी गुलाब लावायचा म्हणून विचारायला आलं तर बाबा आता आधी विचारतात, तुमच्याकडे पाऊस कधी येतो? मग झाडाचं नाव सांगतात. छाटणी मात्र पोंगल झाल्यावर, जानेवारीच्या कोरड्या उन्हात. ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना हवेत बोटाने वाऱ्याचे बाण काढतात.

डबल डिलाइट परत आणलं नाही. मी एकदा विचारलं. ते म्हणाले, त्याला इथलं ऊन सोसत नाही, उगाच कशाला छळायचं. साडी त्यांनी धुऊन, घडी घालून माझ्याकडे दिली.

सुटका झाली की माणसाला लगेच कळत नाही. बाबा घरी आले त्या दिवशी मी आनंदाने काही केलं नाही, फक्त झोपले. सुटका मला कळली कितीतरी महिन्यांनी, चैत्रात, जेव्हा ते घरभर चपला घालून फिरत होते आणि मी त्यांना चपलांच्या आवाजावरून ओरडले. ओरडता ओरडता थांबले. तेव्हापासून ती अधूनमधून येते, विशेषतः अशा हवेत. आज सकाळपासून आलेलीच आहे. पाऊस जितका जोरात, तितकं मला मोकळं वाटतंय. शेजारपाजारचे म्हणतील, ही बाई काय वेडी आहे.

आणि पाऊस असा लागला की मला ती सकाळ हटकून आठवते. खोलीत दिवे लावावे लागले होते, इतकं अंधारून आलेलं. बोटांचा निर्णय त्याच दिवशी घ्यायचा होता आणि डॉक्टरीणबाईंनी कागद सहीसाठी टेबलावर तयार ठेवला होता. बाबा भिंतीकडे बघत होते. मी त्यांचा खांदा धरून उभी होते. चिमटा, पाणी, कात्री, रोजचंच. करंगळीखालच्या त्या खोलगट जागी त्यांनी कात्री लावली, आणि बाबांचं पाऊल माझ्या डोळ्यांदेखत झटक्यात मागे गेलं. डॉक्टरीणबाईंचा हात तिथल्या तिथे थांबला. त्यांनी अगदी हळू, जणू मोठ्याने विचारलं तर उत्तर बदलेल, विचारलं, "वलिक्कुदा?"

बाबांना 'इल्लै'च्या पुढचं तमिळ येत नव्हतं. ते माझ्याकडे वळले, डोळ्यांत पाणी, आणि मिरजेच्या भाषेत म्हणाले, "दुखतंय गं. लई दुखतंय."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, कात्री खाली ठेवली, आणि टेबलावरचा तो कागद उचलून फाडून टाकला.